बाईंचा तोटा

हजला जायचं ठरलं की आमच्यात एक रिवाज असतो. निघण्याआधी माणूस दारोदार फिरतो. कुणाचं काही आणलं असेल तर परत करतो, कुणाला टोचून बोललं असेल तर माफी मागतो, आणि मगच बॅग भरायला घेतो. माझ्या लहानपणी कराडला हे काम चार गल्ल्यांत आटपायचं. इथे अमेरिकेत, शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये त्यासाठी गाडी लागते, आणि गाडी चालवायला मी होते.

बाई आमच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये मुलाकडे राहतात. नात्याने त्या माझ्या कुणी नाहीत. आमच्याकडे अशा बाईला खाला, म्हणजे मावशी, म्हणतात, पण त्यांनी उभी हयात कराड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत गणित शिकवण्यात घालवली, त्यामुळे गावाने त्यांना बाई केलं आणि तेच नाव इथपर्यंत आलं. मशिदीतल्या हैदराबादी बायकासुद्धा त्यांना 'बाईजी' म्हणतात. मी त्यांच्याशी मराठीत बोलते. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला एकदा आम्ही दोघी गेलो होतो, तर एका काकूंनी माझं नाव ऐकून "अय्या, किती छान मराठी बोलता हो तुम्ही" म्हणून कौतुक केलं. मी म्हटलं, "तुम्हीपण." बाईंनी मला कोपरखळी मारली. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक आहे.

तर आम्ही फिरलो. एका नागपूरकर मैत्रिणीचा कुकर परत केला. लायब्ररीत एक पुस्तक फार उशिरा दिलं होतं त्याचा दंड भरायला गेलो, तर तिथल्या बाईने सांगितलं की आता दंड घेत नाहीत. बाई खट्टू झाल्या. मग कोपऱ्यावरच्या गोऱ्या म्हाताऱ्याकडे गेलो. त्याच्या कुत्र्याबद्दल बाईंनी मनात बरंवाईट आणलं होतं, त्याची माफी मागायची होती. मी इंग्रजीत जमेल तसं सांगितलं. तो म्हणाला, "काही हरकत नाही, सगळेच आणतात." परत गाडीत बसल्यावर बाई म्हणाल्या, "आता फक्त बँक राहिली."

"बँकेचं काय देणं लागता तुम्ही?"

"तोटा," बाई म्हणाल्या. "माझा तोटा त्यांनी भरलाय. तो मला परत करायचाय."

मी गाडी सुरू करायची थांबले. मी बँकांचं सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते, त्यातच केस पांढरे झाले. नफा मागणारी माणसं मी खूप पाहिली आहेत. तोटा मागायला निघालेलं माणूस पहिल्यांदाच पाहत होते.

यामागची हकिगत सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी एका रविवारी मशिदीच्या हॉलमध्ये त्या बँकेने कार्यक्रम ठेवला होता. बँक तशी साधीच, उपनगरातली जुनी, पण तिने आमच्यासारख्यांसाठी वेगळा विभाग काढला होता. समोसे, चहा आणि पडद्यावर हिरव्या रंगाच्या स्लाइड्स. बँकेचे धर्मशास्त्राचे सल्लागार बोलायला उभे राहिले. माणूस विद्वान, वाणी गोड. ते म्हणाले, साध्या बँकेत तुम्ही पैसे ठेवता तेव्हा खरं तर बँकेला कर्ज देता, आणि कर्जावर ठरवून घेतलेला वरचा पैसा म्हणजे व्याज, म्हणजे हराम. आमच्या खात्यात कर्ज नाहीच. इथे तुम्ही बँकेला आपला वकील नेमता. हा वकील म्हणजे कोर्टातला काळ्या कोटवाला नव्हे, तुमच्या वतीने व्यवहार करणारा मुखत्यार. या कराराला वकाला म्हणतात. तुमच्या पैशाने वकील इमारती घेईल, भाड्याने देईल, विकेल. त्याला ठरलेली मजुरी मिळेल. नफा तुमचा आणि तोटा झालाच तर तोही तुमचा, कारण पैसा तुमचा आहे, वकिलाच्या हातात तो अमानत म्हणून, म्हणजे विश्वासाने सोपवलेला, आहे. त्याने हयगय केली तरच भरपाई त्याच्या अंगावर.

बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. कुणाला काही कळलं नव्हतं. बाई मागे वळल्या आणि वर्गात वळावं तशा आवाजात त्यांनी मला समोर धरून सगळ्यांना समजावलं. "असं बघ. मी तुला पैसे दिले आणि सांगितलं, रत्नागिरीहून आंबे आण, कराडच्या बाजारात वीक. तुझी मजुरी मी देईन. आंबे चढ्या भावाने गेले, फायदा माझा. वाटेत सडले, नुकसान माझं. तू पेट्या उन्हात ठेवून झोपा काढल्यास, तर मात्र तू भरून द्यायचंस."

"आणि मी म्हटलं की आंब्यांचं काहीही होवो, तुमचे पैसे परत देईन आणि वर एवढे एवढे देईन, तर?"

"मग आंब्याचा संबंधच उरला नाही. तू माझ्याकडून पैसे उसने घेतलेस आणि व्याज देते आहेस."

इतकं सोपं आहे ते. मला नंतर पुष्कळ जणांनी मोठमोठे अरबी शब्द ऐकवले, पण या आंब्यांच्या पलीकडे कुणी गेलं नाही. ठरलेली मजुरी घेणारा हा वकील नोकरासारखा धरायचा का, नफ्यात हिस्सा घेतो म्हणून भागीदारासारखा, यावर शास्त्री लोक वाद घालतात, आणि घालोत. पण मुद्दल परत देण्याची हमी ज्याने दिली तो कर्जदार झाला, याबद्दल त्यांच्यात वाद नाही. नाव काहीही द्या, त्याने काही बदलत नाही.

बाईंनी त्या खात्यात जे पैसे ठेवले ते कराडच्या प्लॉटचे होते. त्यांचे मिस्टर एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. दोघांनी मिळून तो प्लॉट घेतला होता, आणि निवृत्त झालो की तो विकून हजला जायचं असं दोघांचं ठरलं होतं. मिस्टर आधीच गेले. बाईंनी प्लॉट विकला, पैसे इकडे आणले, आणि हजला जाण्याइतके साठेपर्यंत ते कुठे ठेवायचे हा प्रश्न होता. हजचा पैसा स्वच्छ असावा लागतो. गढूळ पैशाने गेलं तर तिथे उभं राहून काय बोलायचं, असं बाई म्हणायच्या. माझं तसं नाही. माझं घर साध्या बँकेच्या कर्जावर आहे. मी व्याज देते आणि त्याला व्याजच म्हणते. मशिदीत त्यावरून मला टोमणे मारणाऱ्या बायका आहेत, आणि त्यातल्या निम्म्या त्या हिरव्या खात्याच्या ग्राहक आहेत.

खात्यात दर तीन महिन्यांनी नफा जमा होऊ लागला. बँक आधी 'अपेक्षित नफा' म्हणून एक दर सांगायची. त्याच्यावर जे मिळेल ते चांगल्या कामाचं बक्षीस म्हणून वकिलाचं, असं करारात होतं. म्हणजे जास्त मिळालं तर बँकेचं. कमी मिळालं तर बाईंचं. पण कमी कधी मिळालंच नाही, आणि जास्तही नाही. दर वेळी अगदी तेवढंच, अपेक्षेबरहुकूम.

"वर्गातल्या सगळ्या पोरांना दर परीक्षेत सारखेच मार्क पडले तर मी काय समजायचं?" बाई एकदा मला म्हणाल्या.

"कॉपी."

"तेच." पण तेव्हा त्यांनी ते हसण्यावारी नेलं. त्या पैशातून त्यांनी ईदला नातवंडांना आणि माझ्या मुलीला ईदी दिली. थोडं मागे टाकत गेल्या. आणि गेल्या वर्षी मशिदीच्या ग्रुपबरोबर जायचं नक्की झालं.

नेमकं तेव्हाच त्या इमारतीचं प्रकरण झालं. हायवेजवळ काचेची एक मोठी ऑफिस इमारत आहे, बँकेने ग्राहकांच्या पैशातून ती घेतली होती, आणि कार्यक्रमात तिचा फोटो मोठ्या अभिमानाने दाखवला होता. लोक घरून काम करायला लागले, भाडेकरू एकेक करून गेले. शॉमबर्गमध्ये अशा रिकाम्या इमारती पाहायला लांब जावं लागत नाही. शेवटी बँकेने ती पडत्या भावात विकली. ग्राहकांना ईमेल आला. सुरुवातीला सलाम, शेवटी दुआ, आणि मध्ये असं की इमारतीत मोठा तोटा झाला आहे, पण घाबरू नका, तुमचं मुद्दल सुरक्षित आहे आणि या तिमाहीचा अपेक्षित नफाही नेहमीप्रमाणे जमा होईल.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. बाईंचा मुलगा तर खूष झाला. बाईंनी ईमेल मला दोनदा वाचायला लावला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आंबे सडले," त्या म्हणाल्या, "आणि ही मला फायदा देतेय."

मला पहिल्यांदा त्यांचाच राग आला. मिळतायत तर घ्या की. पण त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांचा चेहरा उतरला होता. बँक वकील असेल तर हा तोटा बाईंचा होता आणि त्यांनी तो भोगला नव्हता, म्हणजे परक्याचे पैसे त्यांच्याकडे होते. आणि बँक काहीही झालं तरी मुद्दल देणारच असेल तर ती वकील कधी नव्हतीच. मग आजवर आलेला सगळा नफा व्याज होता, आणि ईदीसुद्धा व्याजाची होती. दोन्हींपैकी काय खरं, हे कळल्याशिवाय बाईंना त्या पैशावर हजला जाता येत नव्हतं. बॅग भरायची होती आणि बॅगेच्या आधी हे उत्तर हवं होतं.

त्यांनी आधी दोन मौलानांना फोन केले. एक म्हणाले, करार वकालाचाच आहे, बँकेने आपल्या खुशीने तोटा भरला, ती भेट समजा, निश्चिंत मनाने जा. दुसरे म्हणाले, भेट एकदा दिली तर भेट, प्रत्येक वेळी ठरल्यासारखी दिली तर ती अट झाली, आणि अट झाली की कर्ज झालं. दोघंही शिकलेले, दोघंही सज्जन. बाई म्हणाल्या, मी या दोघांच्या मध्ये पडणारी कोण, ज्याने करार केला त्यालाच विचारते. आणि रिवाजाप्रमाणे देणंही देऊन येते.

म्हणून आम्ही बँकेत गेलो. त्या विभागाला वेगळं दार आहे. आत खजुराची वाटी, भिंतीवर काचेच्या चौकटीत सल्लागारांच्या सहीचं प्रमाणपत्र. एक तरुण अधिकारी बाहेर आला. इथेच जन्मलेला, दाढी नीट कोरलेली. बाईंना "आंटी" म्हणाला, खुर्ची ओढून दिली, पाण्याची बाटली दिली. हे सगळं मी मुद्दाम लिहितेय. तो वाईट वागला असता तर मला इतका राग आला नसता.

बाई मराठीत बोलल्या, मी इंग्रजीत सांगितलं. त्या हजला निघाल्या आहेत. त्यांच्या वाट्याचा इमारतीचा तोटा किती होतो तो त्यांना सांगावा, म्हणजे त्यांच्या खात्यातून तो वळता करता येईल.

अधिकाऱ्याला वाटलं माझं भाषांतर चुकलं. "आंटीचं काही लॉस झालेलं नाही," तो मला म्हणाला. "शी इज फुल्ली प्रोटेक्टेड."

"तेच त्या म्हणतायत. त्या प्रोटेक्टेड कशा? त्या तर मालक आहेत ना?"

"आंटी, डोन्ट वरी," तो आता थेट बाईंकडे वळला. "सरकारच्या दृष्टीने हा डिपॉझिट आहे. अमेरिकेत बँकेला डिपॉझिट परत द्यावाच लागतो. यू आर सेफ."

मी हे बाईंना सांगितलं. बाईंनी विचारलं, "आणि अल्लाहच्या दृष्टीने?"

अधिकाऱ्याने भिंतीकडे बोट दाखवलं. "शरियाच्या दृष्टीने वकाला. सर्टिफिकेट आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती इथे. सरकारसमोर जाताना ठेव आणि मशिदीत येताना अमानत. नियम तपासायला माणूस आला की सांगायचं, आम्ही यांचं देणं लागतो. समोसे खाणाऱ्या बायकांना सांगायचं, छे, आम्ही कसलं देणं लागतो, आम्ही तर तुमचे वकील. एकच पैसा, एकच खातं, आणि समोर कोण बसलंय ते बघून त्याची जात बदलायची. मी ते बोलून दाखवलं. आवाज चढला असेल. खजूर घेणाऱ्या एका माणसाने मागे वळून पाहिलं.

बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "त्याला विचार, तोटा वळता करता येईल का. एवढंच."

त्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं, काही टाइप केलं, मग खरंच प्रामाणिकपणे म्हणाला, "सिस्टिम घेत नाही. प्रॉफिटच्या फील्डमध्ये मायनस एंटर करता येत नाही."

मी तपासनीस आहे. माझं सगळं कामच हे, की स्क्रीनला नको ते खायला घालायचं आणि ती काय करते ते बघायचं. जो आकडा स्क्रीन घेतच नाही, तो बनवणाऱ्यांच्या डोक्यात कधी आलेलाच नसतो. ते खातं बनवताना एकाही माणसाच्या मनात आलं नव्हतं की बाईंना कधी तोटा होईल. साध्या मुदत ठेवीचं खातं उचललं, 'व्याज' पुसून तिथे 'नफा' लिहिलं, आणि दाराला हिरवा रंग दिला. त्या हॉलमध्ये पडद्यावर 'तोटा तुमचा' असं लिहिलेली स्लाइड दाखवली, तेव्हा तोटा लिहायला जागाच नव्हती. आणि आम्ही माना डोलावल्या होत्या.

अधिकाऱ्याने वरच्या साहेबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. साहेबांनी ऐकून घेतलं. ते म्हणाले की ग्राहकाकडून असे पैसे घेण्याची तरतूद नाही, घेतले तर बँकच अडचणीत येईल, आणि आंटींनी मनात शंका आणू नये, शंका हा सैतानाचा खेळ असतो.

मी बाईंना शब्द न् शब्द सांगितला. मला वाटलं त्या रडतील. त्या शिक्षिका झाल्या. ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "त्यांना सांग, मला शंका नाही. मला प्रश्न आहे. मी वकील नेमला होता, की कर्ज दिलं होतं? एका शब्दात उत्तर द्या. कुठलंही दिलं तरी मी मान्य करीन. वकील म्हणालात तर तोटा देऊन जाईन. कर्ज म्हणालात तर मुद्दल तेवढं घेऊन जाईन आणि नफा टाकून देईन. पण उत्तर द्या."

मग साहेब म्हणाले की हा प्रश्न ते सल्लागार मंडळाकडे पाठवतील. अधिकाऱ्याने टेबलाखालून एक पिशवी काढली. हजला जाणाऱ्या ग्राहकांसाठी बँकेची भेट होती, खांद्याला लावायची बॅग आणि एक छत्री, दोन्हींवर बँकेचं बोधचिन्ह. बाईंनी छत्री उघडून पाहिली, नीट मिटली आणि टेबलावर ठेवली. बॅगेला हात लावला नाही.

उत्तराची आम्ही वाट पाहिली. ग्रुपला पैसे भरायची मुदत जवळ येत होती. मी ईमेल पाठवले, फोन केले, एकदा रजा टाकून तिथे जाऊन बसले. दर वेळी खजूर. दर वेळी "मंडळाची बैठक झाली की कळवतो". मला मोठ्याने ओरडायची सवय आहे, पण ओरडायला समोर भिंत तरी लागते. इथे सगळीकडे मऊ गाद्या होत्या.

बाईंच्या मुलाने मला एक दिवस त्यांच्या दारातच गाठलं. "तुम्ही तिला एन्करेज करताय," तो म्हणाला. "पैसे मिळाले, मॅटर क्लोज. आपण कॉमन लोक आहोत यार, स्कॉलर नाही. तिचं वय काय, तब्येत काय. नेक्स्ट इयर जाता आलं नाही तर?"

"मग बँकेला विचार ना हे," मी म्हणाले. "मला काय विचारतोस? बाईंनी साधा प्रश्न विचारलाय. त्यांना अख्खं मंडळ मिळून उत्तर देऊ शकत नाही आणि वेड्या त्या?"

"सगळे जातायत त्याच खात्याच्या पैशावर."

"जाऊ देत. सगळ्यांनी विचारलं नाही."

बाई आतून हे ऐकत होत्या. बाहेर आल्या आणि मुलाला म्हणाल्या, "तिच्यावर डाफरू नकोस. नाव मी काढून घेतलंय ग्रुपमधून. सकाळीच." मुलगा बराच वेळ बुटाची लेस बांधत बसला. त्याला रडू येत होतं हे मला दिसलं, आणि तेवढ्यापुरता मला त्याचा राग आला नाही.

खातं बंद झालं. बाईंनी मुद्दल बाजूला ठेवलं. आजवरचा नफा पै न् पै मोजून त्यांनी इथल्या फूड पँट्रीला, गरजूंना फुकट धान्य देणाऱ्या संस्थेला, दिला. त्याचं पुण्य मिळेल ही अपेक्षाही ठेवायची नसते, नुसता अंगावरचा मळ झटकायचा, असं त्यांनी मला सांगितलं. ईदीत गेलेला नफासुद्धा त्यांनी पेन्शनमधून भरून काढला. माझ्या मुलीने विचारलं, "बाई, वॉज माय ईदी बॅड?" तेव्हा त्यांनी तिला जवळ घेतलं. "नाही गं. तुझी ईदी चांगली होती. माझा हिशेब चुकला होता," म्हणाल्या. त्यांचा हिशेब चुकला नव्हता. आयुष्यभर इतरांचे हिशेब तपासलेल्या बाईला माझ्या एवढ्याशा पोरीसमोर हे म्हणावं लागलं, याचा संताप मला अजून जिरवता आलेला नाही.

आणि ते मुद्दलसुद्धा त्यांना वापरवेना. न जाणो, बँक खरंच वकील असली तर त्यातला काही भाग तोट्याचा आहे, आणि किती ते कुणी सांगत नाही. उत्तर आलं नाही, म्हणून नफा गेला, आणि उत्तर आलं नाही म्हणून मुद्दलही अडकलं. बाईंच्या हाती दोन्हीकडून धुपाटणं आलं. मशिदीत एक जण म्हणाली, "बाईजी जरा जादाच चिकित्सा करतात." मी तिथल्या तिथे तिचं तोंड बंद केलं. तिच्या नवऱ्याने आमच्याकडे येणंजाणं बंद केलं आहे. नुकसान त्यांचं, आमची बिर्याणी चांगली होते.

ग्रुप गेला, परत आला. बाईंनी सगळ्यांच्या घरी जाऊन मक्केहून आणलेलं झमझमचं पाणी प्यायलं, खजूर खाल्ले, हकिगती ऐकल्या. मला त्यांच्याबरोबर जाववेना. मी गाडीत बसून राहायचे. त्या पुन्हा पेन्शन साठवतायत, एका साध्या खात्यात, ज्यावर बँक काहीच देत नाही. "निदान ही खोटं बोलत नाही," त्या म्हणतात.

यंदाच्या हजच्या आधी, एका रविवारी दुपारी, आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होतो. त्यांचा फोन वाजला. व्हॉट्सॲपवर मेसेज होता. बँकेच्या त्याच तरुण अधिकाऱ्याचा. बँक त्याला हजला पाठवत होती, चांगल्या कामाबद्दल. रिवाजाप्रमाणे त्याने सगळ्या जुन्या-नव्या ग्राहकांना एकदम कळवलं होतं. बाईंना इंग्रजी वाचता येतं, पण त्यांनी फोन मला दिला. मी मोठ्याने मराठीत वाचून दाखवलं. मी या पवित्र प्रवासाला निघत आहे. माझ्याकडून कळत-नकळत आपल्याला काही त्रास झाला असेल, आपलं काही देणं राहिलं असेल, तर मला मोठ्या मनाने माफ करावं.

मी म्हटलं, "द्या इकडे. मी लिहिते याला. चांगलं लिहिते."

"तू नको," बाई म्हणाल्या. "तू लिहिलंस तर तो विमानात बसणार नाही." त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, चष्मा लावला, आणि फोन घेऊन एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहायला लागल्या. इंग्रजीत. त्यांना बराच वेळ लागला. मेथीची निम्मी जुडी मीच निवडली. मग त्यांनी मला स्पेलिंग बघायला फोन दिला.

त्यांनी लिहिलं होतं: "बेटा, मी माफ केलं. सुखाने जा. फक्त एवढं कळव, मी वकिलाला माफ केलं की कर्जदाराला?"

स्पेलिंग बरोबर होतं. मी पाठवून दिलं. थोड्या वेळाने तो मेसेज वाचल्याच्या दोन निळ्या खुणा दिसल्या. तो गेला, हज करून परत आला, त्याच्या फोटोंवर लोकांनी मुबारक म्हटलं. उत्तर अजून आलेलं नाही.

बाईंनी त्याला मनापासून माफ केलं आहे, मला माहीत आहे. मी केलेलं नाही.